मधला पर्याय

काका काहीही बोलण्याआधी तीन बोटं वर करायचे. चहा घेणार का, एवढंच आपण विचारलेलं असायचं. "तीन ऑप्शन्स आहेत," ते म्हणायचे. "काहीच न घेणं, चहा घेणं, नाहीतर तुझं किचनच ताब्यात घेणं." मग आपण निमूटपणे चहा टाकायचा.

इकडे परदेशात, बॉथेलमध्ये, आमच्यापासून दोन घरं सोडून त्यांची लेक राहायची. निवृत्त झाल्यावर ते तिच्याकडे आले. पुण्याहून इकडे शिकायला आलेला हा माणूस इथल्याच राजधानीत परराष्ट्र खात्यात चिकटला आणि जन्मभर एकाच परक्या देशाचं टेबल सांभाळत राहिला. त्या देशाचं काय करायचं, याचे तीन पर्याय कागदावर लिहायचे आणि वरच्या साहेबांनी एका चौकोनात खूण करायची, हे त्यांचं काम.

"पहिला आणि तिसरा असा लिहायचा, की साहेब घाबरून मधल्यावर टिक करतील," काकांनी मला समजावलं. "मधला आपला असतो. साहेबांना वाटतं, डिसिजन त्यांनी घेतला."

"आणि त्या देशातल्या लोकांना काय वाटतं?"

"त्यांच्यासाठी चौकोन नसतो गं."

त्या देशाला ते 'माझा देश' म्हणत. तिथे ते एकूण दोनदा गेले होते, दोन्ही वेळा वकिलातीच्या उंच भिंतींच्या आत. लोक कसे होते, असं विचारलं तर म्हणाले, "एसी उत्तम होता." अशा माणसानं एका अख्ख्या देशाचं भलं करायचं मनावर घेतलं होतं. मला हसू यायचं आणि जरा भीतीही वाटायची. तुम्हालाही वाटली असती.

एकदा शेजारणीचा कुत्रा रोज आमच्या लॉनवर घाण करायला लागला. मी काकांकडून एक पत्र लिहून घेतलं. त्यांनी 'चिंता' व्यक्त केली. कुत्रा बधला नाही. पुढच्या आठवड्यात 'गंभीर चिंता', त्याच्या पुढच्या आठवड्यात 'अत्यंत गंभीर चिंता'.

"याच्यापुढे काय असतं, काका?"

"याच्यापुढे विमानं."

शेवटी मी स्वतःच जाऊन शेजारणीशी बोलले. तिनं सॉरी म्हणून त्याच शनिवारी कुंपण घातलं. काका खट्टू झाले. "डायरेक्ट बोललीस? आमच्याकडे ही स्टेजच नसायची."

दर मंगळवारी सकाळी मात्र ते एक फाइल घेऊन यायचे. व्हिसाच्या वेबसाइटशी झुंजण्यात आम्हा आयटीवाल्यांचा हात कोण धरणार? मी केस नंबर टाकायचे, 'प्रलंबित' असं दिसायचं, आणि काका माझ्याच फोनवरून त्या केसवाल्याला तेवढं कळवायचे.

केस 'माझ्या देशा'तल्या त्यांच्या दुभाष्याची होती. आपल्या इकडच्या फौजा तिथून निघाल्या आणि तो मागे राहिला. परक्यांची चाकरी केली म्हणून घरी शोधायला माणसं आली, तेव्हा बायको आणि दोन मुलींना घेऊन तो सीमेपलीकडे पळाला आणि एका खोलीत लपून राहिला. व्हिसा मिळाला नाही, तर तिथले पोलीस त्यांना परत त्याच माणसांच्या हाती देणार होते.

"निघताना याला बरोबर का नाही घेतलं?" मी एकदा चिडून विचारलं.

"निघायचं कसं, तो पेपर मीच लिहिला होता," काका म्हणाले. "मधला पर्याय होता, आधी आपण निघायचं, तिथल्या लोकांना नंतर टप्प्याटप्प्यानं आणायचं."

"आणि पहिला?"

"त्यांना आधी बाहेर काढायचं." ते फाइलच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिले. "तो मी इतका वेडगळ दिसेल असा लिहिला, की कुणी टिक करूच नये. फार छान जमला होता तो पॅराग्राफ."

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं. त्या दिवसापासून ते दर आठवड्याला खात्यातल्या कुणाकुणाला हातानं पत्रं लिहू लागले. याला आणा, एवढंच त्यांत असायचं.

काका फेब्रुवारीत गेले. त्यानंतर दोन आठवड्यांनी लेकीनं व्हिसा ऑफिसकडून काकांच्या नावे आलेलं एक पत्र माझ्याकडे आणून दिलं. शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्यानं महिन्याच्या आत स्वतः फोन करून दुजोरा द्यावा, अन्यथा केस बंद करण्यात येईल. मी त्या नंबरवर फोन लावून सांगितलं, ते वारले. पलीकडच्या बाईला खरंच वाईट वाटलं. मग तिनं विचारलं, "ओके, मग ते आम्हाला कधी कॉल करू शकतील?"

त्या मंगळवारी दुभाष्याचाच फोन आला. दोन मंगळवार साहेबांनी काहीच का कळवलं नाही, त्यानं विचारलं. मी सांगितलं.

"त्रास झाला का त्यांना?"

"नाही. झोपेत गेले."

मागे त्याच्या मुली कशावरून तरी भांडत होत्या. त्यानं त्यांना गप्प बसवलं आणि साहेबांसाठी प्रार्थना म्हणू का, असं मला विचारलं. मी हो म्हणाले. तो म्हणत राहिला, आणि ते पत्र हातात धरून मी ऐकत राहिले. आता केस बंद होणार, हे त्याला कसं सांगायचं, ते मला कळत नव्हतं.