आढ्याला कान लावणारा मिस्त्री

सन एकोणीसशे शेहेचाळीस. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. वैशाखातल्या एका दुपारी एक माणूस माझ्या माजघरात आला, खांद्यावरचं गोणपाट जमिनीवर पसरलं आणि त्यावर सरळ उताणा निजला. वरून माती कुठं पडते ते सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला.

"सांगू नका. निजू द्या."

हा त्याचा ठरलेला शब्द. कर्जतपासून चौक गावापर्यंत कुणालाही विचारलं असतंत, तर त्यानं हात वर करून तुम्हाला नक्कल करून दाखवली असती. छप्पर बघायला आलेला माणूस आधी शिडी मागतो. हा निजायला जागा मागायचा.

नाव मला माहीत होतं, पण त्या नावानं त्याला कुणी हाक मारल्याचं ऐकलं नाही. सगळे मिस्त्री म्हणत. मीही तेच म्हणतो. खाडीकडचा मुसलमान माणूस. बापजादे होड्या बांधणारे. "होडी पालथी घातली का घर झालं," तो म्हणायचा. "होडीत पानी खालनं येतं, घरात वरनं. लाकूड तेच." पावसाआधी कौलं परतून घर शाकारायचं काम आमच्याकडं ज्याला त्याला येतं. पण छप्पर नुसतं बघायचं आणि घराला काय झालंय ते सांगायचं, हे काम करणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला.

भिवपुरीला बिजलीघराच्या वसाहतीतही त्याला बोलवत. तिथल्या एका साहेबानं म्हणे त्याला कागद-पेन्सिल दिली, काय काय बिघडलंय ते लिहून दे म्हणून. यानं कागद परत दिला, खिशातून गेरूचा खडा काढला आणि आतून वाशांवरच खुणा करत सुटला. रेघ म्हणजे कौल सरकलंय. फुली म्हणजे लाकूड बदला.

"कागद फायलीत जातो, सायब. वासा जागंवर ऱ्हातो."

दुपारीच का यायचा, तर ऊन डोक्यावर असलं की फटीफटीतून कवडसे पडतात. एक डोळा मिटून तो ते बघायचा. बारीक गोल कवडसा म्हणजे तडा. लांबट म्हणजे कौल हललेलं. मांजर चालून गेलं तर कौल खाली घसरतं आणि वानरानं उचकलं तर आडवं पडतं, हे मी त्याच्याकडून शिकलो. आमच्याकडं माथेरानच्या डोंगरावरून वानरं उतरतात, त्यामुळं हे शिक्षण मला शाळेपेक्षा जास्त उपयोगी पडलं. शाळा मी दुसरीतच सोडली होती.

चौक गावातल्या एका दुकानदाराच्या गुळाच्या ढेपांवर तीन पावसाळे पाणी गळत होतं. दर साली तो ढेपांच्या बरोबर वरचं कौल बदलायचा. मिस्त्री पोत्यांच्या मधे निजला, उठला, तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि वर चढला. ढेपांपासून चांगलं दहा हात लांब, कुठल्या कुठं, त्यानं ते पाणी ओतलं. थोडा वेळ काही नाही. मग टप् करून थेंब गुळावर.

"शेट, पानी गळतं तिथंच शिरत नाय. वाशावरनं चालत येतं. तुमचं गिऱ्हाईक नाय का, येतं लांबच्या गावाहून अन् बसून ऱ्हातं तुमच्या दारात?"

दुकानदार सोडून सगळे हसले.

खालापूरला कचेरीतल्या एका कारकुनाच्या घरी तर त्यानं कमालच केली. निजल्या निजल्या घरच्या बाईला विचारलं, "चूल हलवलीत का, बाई? दोन पावसाळं झालं असतील."

बाई चाट पडली. "तुमाला कुणी सांगितलं?"

"वर बघा. तिथली काजळी जुनी, आता सुटाय लागली. हितली नवी, अजून धरली नाय." मग जुन्या चुलीवरच्या वाशाला त्यानं हातोडीची मूठ लावली. ठण् वाजलं. "धूर खाल्लेल्या लाकडाला किडा तोंड लावत नाय. आता ह्या जागी वरसातनं दोनदा तरी ओला पेंढा जाळून धूर करा. न्हायतर चूल गेली तिकडं, अन् किडा येईल हिकडं."

सून वेगळी निघाली तेव्हा चूल हलली होती. ते त्यानं विचारलं नाही. पण त्याला कळलं होतं, असं कारकून पुढं लोकांना सांगायचा.

काही घरांत त्याला माजघरात घ्यायला कुरकुर व्हायची. देवाची खोली शेजारी, आणि हा मुसलमान. तो वाद घालत नसे. ओटीवर बसायचा आणि म्हणायचा, "माझं काय नाय. पावसाला तेवढं सांगून ठेवा, ओटीवरच थांब म्हणून." बहुतेक घरांत मग आतून हाक यायची. पाणी प्यायला त्याचा स्वतःचा पेला असे, निजायला स्वतःचं गोणपाट. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, चटई देतो की." तर म्हणाला, "नको. तुमच्या चटईच्या काड्या माझ्या सदऱ्याला अडकतात, बायको वरडते." मला खरं कारण कळत होतं. त्यालाही ठाऊक होतं की मला कळतंय. दोघं हसलो. आज आठवलं की मला त्या हसण्याची लाज वाटते.

आता माझ्या घराचं सांगतो.

वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. घर एकच, छपराच्या उतरत्या बाजू दोन, म्हणजे दोन पाखी. पुढचं, रस्त्याकडचं पाखं आणि त्याखालचं घर दादाचं. मागचं, विहिरीकडचं माझं. मधे आम्ही मातीची भिंत घातली आणि ती थेट आढ्याला भिडवली, पलीकडचा उजेडसुद्धा दिसू नये म्हणून. पंचांनी कागदावर सगळं लिहिलं. विहीर लिहिली, चिंच लिहिली, जातं लिहिलं. दोन्ही पाखी लिहिली. दोन पाखी जिथं मिळतात ते आढं लिहायचं राहिलं.

पहिल्याच उन्हाळ्यात आढ्यावरचा एक कोना फुटलेला निघाला. कोना म्हणजे आढ्यावर पालथं बसवतात ते जाड कौल. दादा त्याच्या पाख्यावरून म्हणाला, "तुझ्या अंगानं फुटलाय." मी माझ्या पाख्यावरून म्हणालो, "आढं माझ्या वाटणीत लिवलेलं नाय." तो म्हणाला, "माझ्यातबी नाय." तेवढंच. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. दर उन्हाळ्यात तो त्याची कौलं परतायचा, मी माझी. आढ्याला कुणी हात लावायचा नाही. जो लावील त्याच्या गळ्यात ते कायमचं पडलं. अशी पाच वर्षं गेली.

पाचव्या वर्षी रोज सकाळी आमच्या अंथरुणावर मातीचे ओलसर कण पडायला लागले. माझ्या बायकोनं मला न विचारता मिस्त्रीला निरोप धाडला. मी म्हटलं, येऊ दे. माझ्या पाख्यात खोड काढून दाखवावी त्यानं. ते पाखं मी स्वतः चढवलं होतं, प्रत्येक वासा हातानं निवडून.

तर मिस्त्री निजला होता. बराच वेळ.

"पाखं कुणी चढवलं?"

"मी."

"झकास हाय. हात चांगला हाय तुमचा." मी बायकोकडं बघितलं. तेवढ्यात तो म्हणाला, "पन छप्पर तुमी मधीच सोडलंत."

"मधी कुठं? माझं तिथंच संपतं."

"छप्पर असं कुठं संपत नाय, भाऊ."

तो उठला, शिडी लावून भिंतीच्या वर पोहोचला आणि आढ्याला कान लावला. वैद्य छातीला लावतो तसा. शिडी सरकवत, हातोडीच्या मुठीनं वाजवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. टोकांना खणखण वाजलं. मधे मात्र उशीवर थापटल्यासारखा आवाज आला.

"पल्याडनं बघाय पायजे."

"तिकडं माझा संबंध नाय."

"तुमचा नसंल. लाकडाचा हाय."

आणि तो घराला वळसा घालून दादाच्या दारात गेला. मी शिडीवर चढून उभा राहिलो. का चढलो ते विचारू नका. पलीकडं दादाचा आवाज, मिस्त्रीचा आवाज. हातोडीची मूठ. मग मिस्त्रीनं मोठ्यानं विचारलं, "अल्याड हायेत का कुनी?"

"हाय," मी म्हटलं.

"तोंड जरा बाजूला घ्या."

मी घेतलं, आणि माझ्या नाकासमोर आढ्यातून लोखंडी सळईचं टोक बाहेर आलं. ठोकल्याचा आवाज नाही, काही नाही. भाकरीत बोट घालावं तसं. पाठोपाठ मूठभर ओला भुसा माझ्या छातीवर पडला, आणि त्यात पांढरे किडे वळवळत होते. ते आढं माझ्या आज्यानं घातलेलं. एका माणसाच्या कवेत येईना, असं त्याचं लाकूड.

मिस्त्री परत माझ्याकडं आला. भिंतीचा गिलावा त्यानं नखानं खरवडला. आतून करंगळीएवढी मातीची नळी निघाली, जमिनीपासून सरळ वरपर्यंत.

"खांबाखाली दगूड कशापायी घालतात? वाळवीला चढता येऊ नये म्हनून. तुमच्या आज्यानं घातलाय बरोबर. तुमी दोघांनी मधनं मातीचा रस्ता बांधून दिलात तिला. वरनं फुटक्या कोन्यातनं पाच सालं पानी पाजलंत. मग ती का जाईल सोडून?"

मी छातीवरचा भुसा झटकला.

"पाऊस तीन आठवड्यांवर हाय. भिजलं का कौलं जड व्हतात. ह्या लाकडाला त्ये झेपनार नाय. आजच टेकू लावा, मी दाखवतो तिथं. मग कोने उतरवा, अन् दोन्ही पाख्यांची वरची ओळ उतरवा. दोन्हीकडनं सारखी. एकाच अंगानं उतरवलीत तर आढं दुसऱ्या अंगाला कलंल, अन् सगळं घेऊन बसंल."

"अन् नवं आढं तुमी घालाल?"

"घालीन. आठ दीस कर्जतला हाय मी. दोघांचा मिळून निरोप आला तर येईन. एकल्याचा आला तर नाय येनार. अर्धं घर मी बघत नाय."

त्यानं दोन्ही घरांत टेकू लावून घेतले, आढ्यावर गेरूची फुली मारली, गोणपाट झटकलं आणि गेला. पाठमोरा बघितला तर डाव्या पायानं जरा लंगडत होता. ते मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. निजलेल्या माणसाचं लंगडणं दिसतं कुठं?

पुढं तीन उन्हाळे तो आमच्या भागात दिसला. चौथ्या उन्हाळ्यात लोक वैशाखभर एकमेकांना विचारत राहिले, मिस्त्री आला का? खाडीकडून येणाऱ्या मासळीवाल्या बाईला मी मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, नावेवर लाकूड घेऊन गेला होता, तिकडंच तापानं गेला. खरंखोटं तिला माहीत. नंतर छप्पर बघायला आमच्याकडं पुष्कळ आले. सगळ्यांनी आधी शिडीच मागितली.

पण मी त्या दिवसाचं सांगत होतो.

मिस्त्री गेल्यावर बायको म्हणाली, "जावा, दादांस्नी सांगा."

"मी नाय जानार. कागदात लिवलेलं नाय."

"छप्पर काय कागुद वाचून पडनार हाय का?"

"त्यानं यावं. थोरला हाय तो."

"दोनी घरांत मिळून आठ मानसं हायेत. त्यातली चार लेकरं. थोरला कोन, धाकला कोन, मेल्यावर मोजत बसा." एवढं बोलून तिनं चारही अंथरुणं गुंडाळली आणि बाहेर अंगणात चिंचेखाली नेऊन टाकली. थोड्या वेळानं बघतो तर माझी वहिनीही तिची अंथरुणं घेऊन तिथंच आली होती. त्या दोघी एकमेकींशी किती दिवस बोलत होत्या, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन वर यायच्या आधी, मी माझ्या पाख्यावर चढलो. वाशांवर फळी टाकली, फळीवर पोटानं सरकत वर गेलो आणि आढ्यावरचा फुटका कोना दोन्ही हातांनी उचलला. पाच वर्षांत त्याखाली शेवाळ माजलं होतं. तो उतरवला, शेजारचा उतरवला. मग माझ्या पाख्याच्या वरच्या ओळीतली चार कौलं उतरवून थांबलो. आणखी एक काढलं असतं तर आढं दादाच्या अंगाला कललं असतं.

पलीकडं खाली दादा दातवण चावत ओटीबाहेर आला. मान वर करून बराच वेळ बघत राहिला.

"कुनाचं उतरवतोस रं?"

"माझं."

"तुझं कवा झालं?"

"आज सकाळी."

तो थुंकला. दातवण फेकून दिलं. "लय शाना. एकटा घेतोस काय आढं? अर्धं माझंबी हाय."

"मग बोलत काय बसलास? माझी चार उतरली. तुझी ऱ्हायली."

तो आत गेला, लांब शिडी घेऊन आला आणि त्याच्या पाख्यावरून थेट आढ्यापर्यंत टेकवली. पाच वर्षांत त्याचा देह जड झाला होता, आणि शिडी जुनी होती. मी फळीवरून पुढं सरकलो, आढ्यापलीकडं वाकलो, आणि ती हलू नये म्हणून वरून दोन्ही हातांनी धरून ठेवली.