जांभळा ठिपका

लॉन्ड्रीत आधी त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. भाची कामाला लागली आणि बघता बघता तो सगळ्यांचा मामा झाला. धुणाऱ्या बायका मामा म्हणतात, बॉयलरवाला मामा म्हणतो, त्याच्याहून वयाने मोठ्या मालकीणबाईसुद्धा मामा म्हणतात. गाडी गेली ती गेलीच, वर नावही तिच्यामुळे पडलेलं.

गाडी म्हणजे लॉन्ड्रीची पिकअप. हॉस्पिटलांच्या मळक्या चादरी आणायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. अर्धं आयुष्य ती त्यानेच चालवली. मग डाव्या गुडघ्याने दगा दिला, क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, आणि बाईंनी त्याला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. चावी कुणाला द्यायची असं विचारलं तेव्हा हाच शहाणा म्हणाला, माझी भाची छान चालवते. छान चालवणारच, शिकवली कुणी?

तरी इतके दिवस तो गिळून बसला होता. पण सोमवारी पावसाचं पाणी भरलं. पुलाखालच्या रस्त्यावर बॉनेटला लागेल एवढं पाणी, पलीकडे प्रसूतीच्या दवाखान्यात कोरडी चादर शिल्लक नाही, आणि ही पोरगी सरळ गाडी घालून गेली. गेली ती गेली, परतही आली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बॉयलरवाल्याने गाडीसोबत तिचा फोटो काढला. बाई फोनवर ज्याला त्याला तीच गोष्ट सांगत होत्या, आणि प्रत्येक वेळी पाणी थोडं वर चढत होतं.

"मामा, पहिल्या गिअरमध्ये ठेवली, पाय अजिबात उचलला नाही," भाची टेबलाशी येऊन म्हणाली. "तूच सांगितलेलंस ना."

"हं," मामा म्हणाला आणि घडी घातलेल्या अभ्र्याची परत घडी घातली.

तूच सांगितलेलंस, हे आत्ता कानात सांगतेय. टाळ्या वाजत होत्या तेव्हा काय तोंडात गुळणी धरली होती?

पण मामाकडे एक गोष्ट होती, आणि ती त्याने मनात घट्ट दाबून ठेवली. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो त्याला गाडीवाले क्राउन म्हणतात. आत तेल असतं. गाडी पळून पळून तो तापतो आणि तसाच थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि तो पाणी ओढून घेतो. पाणी तेलात मिसळलं की त्याची दुधाळ कॉफी होते. वेळेत तेल बदललं नाही तर आतले बेअरिंग खराब होतात आणि मग गाडी चालताना मागून ऊंऽऽ असं रडते. हे त्याने भाचीला कधी शिकवलंच नव्हतं. विचारेल तेव्हा सांगेन, तो ठरवून बसला. ती काही विचारायला आली नाही. मग आपण कशाला सांगायचं? गाडी रडेल, बाई घाबरतील, म्हणतील, चावी परत मामांकडेच द्या.

मंगळवार, बुधवार, गुरुवार तो गाडीच्या आवाजावर कान लावून बसला. गाडी फाटकातून बाहेर पडली की हातातली चादर तशीच धरून ऐकायचा. काहीच नाही. लोण्यासारखी जात होती.

"अहो, भाजी कशी झालीय विचारतेय मी," रात्री घरी मामी म्हणाली. "कान कुठे ठेवून आलात?"

"गाडीखाली."

"मग जेवायला पण तिथेच बसा."

शुक्रवारी त्याला राहवेना. जेवणाच्या सुट्टीत सगळे आत गेले तसा तो पाना घेऊन, गुडघ्याला शिव्या घालत, गाडीखाली सरपटला. घाईत जवळचं घमेलं ओढलं आणि क्राउनच्या खालचा बोल्ट सोडला. तेल भळभळा घमेल्यात पडलं, आणि बघतो तर काय, पांढरंफेक. दुधाळ. मामाच्या छातीत गोड कळ उठली. सापडलीस. आता बोलव सगळ्यांना, आता वाजवा टाळ्या.

मग नाकाला वास आला. साबणाचा. घमेलं धुणाऱ्या बायकांचं होतं, तळाला साबणाचं पाणी तसंच. त्याने वरून पडणाऱ्या धारेखाली बोट धरलं. तेल मधासारखं स्वच्छ, नवंकोरं. हातातला बोल्ट उजेडात फिरवला तर त्याच्या डोक्यावर तुटलेला जांभळा ठिपका.

कुठलाही बोल्ट आवळला की मामा त्यावर मामीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायचा. ठिपका तुटला म्हणजे कुणीतरी हात लावला. ही सवय फक्त त्याची. आता तिचीही, आणि तीही जांभळी.

"मामा?" गाडीच्या कडेला भाचीच्या चपला दिसल्या. "काय शोधतोयस?"

"तेल कधी बदललंस?"

"सोमवारीच, संध्याकाळी तू घरी गेल्यावर. क्राउनचं, गिअरबॉक्सचं, सगळं. एअर फिल्टर वाळवला, चाकांना ग्रीस भरलं. लहानपणी तू मला टॉर्च धरून उभं करायचास ना, ते बघून पाठ झालंय." ती खाली वाकली आणि तिला घमेलं दिसलं. "अरे देवा. ते साबणाचंय."

"कळलं मला."

"दुपारची फेरी कशी जाणार आता?"

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. "गाडी अजून इथेच? आणि खाली कोण आडवं पडलंय?"

मामाने डोळे मिटले. भाची क्षणभरही अडखळली नाही. "पाण्यातून गेली होती ना, म्हणून मामाकडून तपासून घेतेय. त्याच्यासारखं कुणाला कळतं?"

"बघ, मी म्हणतच होते," बाई म्हणाल्या. "मामा, गुडघा सोसवत असेल तर लांबच्या फेऱ्या तुम्हीच करत जा. चावी ठेवा तुमच्याकडे."

जे हवं होतं ते समोर आलं. नुसतं हं म्हणायचं होतं. पण द्यायचं कुणी, तर तिने? मोठेपणाही हिनेच दाखवायचा, आणि आपण तो भिकेसारखा झोळीत घ्यायचा? मामाच्या अंगाची लाहीलाही झाली. तो घासत घासत बाहेर आला, तेलाने बरबटलेले हात तसेच.

"तिने सोमवारीच सगळं केलं होतं," तो म्हणाला. "मी उगाच खोललं. चांगलं तेल घालवलं. ही खोटं बोलतेय."

बाईंनी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "मग तेल आणणार कोण?"

"मी."

"लंगडत?"

"लंगडत."

तो लंगडतच गेला आणि घेऊन आला. भाचीने तेल भरलं, बोल्ट त्याने आवळला. तिने खिशातून जांभळी बाटली काढून पुढे केली.

"घेतली असतीस चावी तर काय बिघडलं असतं?"

"तुझ्या हातून नको," मामा म्हणाला. ठिपका लावला, लांबून पाहिला. "काय भिकार रंग आहे."

गाडी फाटकातून बाहेर पडली. मामा चादर हातात धरून कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत ऐकत उभा राहिला. मेली, जरासुद्धा रडली नाही.