बॅकअपला बांधाचं काय माहीत?

परंदवडीच्या शेताच्या बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं, तेव्हा रागाच्या भरात मी त्याला मोबाइलमधूनसुद्धा हाकललं. नंबर, ईमेल, वाढदिवसाची आठवण, सगळं पुसलं. पुढे मोबाइलच बंद पडला. लोणावळ्याच्या दुकानदाराने जुना बॅकअप शोधून सगळं परत आणून दिलं. सगळं म्हणजे अगदी सगळं! बॅकअप भांडणाच्या आधीचा होता.

एका सकाळी मोबाइल वाजला, ‘भावाचा वाढदिवस’. अर्धवट झोपेत मी सवयीने शुभेच्छा पाठवून मोकळा झालो. मग जागा होऊन कपाळावर हात मारतोय, तोच त्याचं उत्तर आलं: ‘लय बरं वाटलं. दुपारी जेवायला ये. पण बांध माझाच हाय.’

गेलो. मटण झकास होतं. बांध माझाच आहे.