परदेशी जावयाचा रकाना

आमच्या सासरच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं ठरलं, तेव्हा थोरल्या भाऊजींनी पुण्याहून जपानला, टोकियोजवळच्या उरायासुच्या आमच्या घरी, एक फॉर्म पाठवला. कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या माणसांनी एकमेकांची माहिती गोळा करून छापायचं आणि एकमेकांनाच विकत घ्यायला लावायचं जाडजूड पुस्तक. कोण कुणाचा मुलगा, सून कुठल्या घराण्यातली, तिचं गोत्र कोणतं, मूळ गाव कुठलं, असं सगळं त्यात असतं. माणूस कसा होता, एवढंच नसतं. भाऊजी त्याचे संपादक. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, आमचे भाऊजी वंशवृक्षाला पाणी घालतात.

माझ्या मुलीने गेल्या वर्षी इथेच एका इटालियन मुलाशी लग्न केलं. म्हणून फॉर्ममध्ये एक खास नवा रकाना आला होता: ‘परदेशी जावई: आडनावाची उत्पत्ती, अर्थ व प्रसार’. देशी जावयांना नुसतं गोत्र विचारून सोडलं होतं.

जावयाचं आडनाव एस्पोझितो. टोकियोतल्या कोतो वॉर्डाच्या ऑफिसात लग्नाची नोंद झाली, तेव्हा तिथल्या बाईंनी ते जपानी अक्षरांत लिहायला सांगितलं, चौकटीत मावतंय ना ते पाहिलं आणि पुढचा नंबर पुकारला. इथे आडनावाला ‘सान’, म्हणजे आपलं ‘जी’, लावलं की पुढे कुणी खणत बसत नाही. मी स्टेशनजवळच्या सुपरमार्केटमध्ये बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी करते. छातीवर आडनावाची पाटी असते. इतक्या वर्षांत एकाही जपानी गिऱ्हाइकाने त्यावरून काही विचारलेलं नाही. मराठी गिऱ्हाईक मात्र हातात कोथिंबिरीची जुडी धरून पाटी वाचतं, मनातल्या मनात काहीतरी ताडून बघतं आणि गोड आवाजात विचारतं, तुम्ही मूळच्या कुठल्या?

हा प्रश्न माझ्या घरात फार जुना आहे. माझ्या वडिलांना तो कुणी विचारला की ते आधी समोरच्याचं गाव काढून घेत. समोरचा रत्नागिरीचा निघाला की आम्ही देशावरचे, आणि साताऱ्याचा निघाला की आम्ही कोकणातले. पकडलं जाऊ नये म्हणून ही सगळी कसरत. वडील एका आश्रमाच्या दारात कुणीतरी ठेवून गेलेलं मूल होते. आडनाव आश्रमाच्या अधीक्षकांचं. त्या वर्षी आलेल्या सगळ्याच मुलांना त्यांनी ते देऊन टाकलं होतं. त्यातले एक दिवाळीला आमच्याकडे फराळाला येत, मी त्यांना काका म्हणत असे.

माझ्या लग्नात गुरुजींनी गोत्र विचारलं, तेव्हा वडील हळूच म्हणाले, काश्यप. ज्याला आपलं गोत्र ठाऊक नसतं त्याला काश्यप लावायची रीत आहे. गुरुजींनी एकदा वडिलांकडे पाहिलं आणि मंत्र पुढे सुरू केले. भाऊजींनी मागच्या आवृत्तीत माझ्या नावापुढे छापलं, ‘माहेर काश्यप गोत्री, मूळ कोकणातील’. नवऱ्याला मी खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, दादाला कशाला सांगायचं? मग मुलीलाही सांगायचं राहून गेलं. मी तरी कुठली शूर? दुसऱ्यांच्या खोटेपणावर बोलायला मला फार आवडतं, आणि माझा स्वतःचा खोटेपणा कापडी बांधणीत कपाटात उभा होता.

फॉर्मचं उत्तर मी लांबवलं. भाऊजींना धीर कुठला? त्यांनी स्वतःच इंटरनेटवर शोध घेतला. एस्पोझितो हे आडनाव इटलीत फार लोकप्रिय, नेपल्सच्या बाजूला तर घरोघरी, एवढं त्यांना कळलं आणि तेवढ्यावर ते थांबले. इतके लोक म्हणजे मोठं घराणं, मोठं घराणं म्हणजे जमीनजुमला, कदाचित एखादा सरदार. त्यांनी मजकूर तयार करून मुलीला पाठवला: ‘नेपल्स प्रांतातील प्राचीन व विस्तृत घराणे’. जावई कंपनीतर्फे हॉटेलांत कॉफीची यंत्रं बसवतो, त्याचाही ‘यंत्र अभियंता’ झाला होता.

त्या रविवारी मुलगी आणि जावई आमच्याकडे जेवायला आले. नवरा कामासाठी योकोहामाला गेला होता. जावई मला ओकासान म्हणतो, म्हणजे आई. आम्ही एकमेकांशी जपानीत बोलतो. दोघांचीही मोडकी, त्यामुळे कुणी कुणाच्या चुका काढत नाही. मुलीने काकांचा मजकूर त्याला वाचून दाखवला, तर त्याला इतकं हसू आलं की हातातली पोळी खाली ठेवावी लागली.

मग त्याने सांगितलं. नेपल्समध्ये अनाथ मुलांचं एक मोठं घर होतं. त्याच्या भिंतीत लाकडी फिरतं चाक बसवलेलं असे. आई बाहेरून बाळ चाकावर ठेवायची, चाक फिरवायची, आणि आतली बाई ते उचलून घ्यायची. कुणी कुणाचं तोंड पाहायचं नाही. अशा मुलांना एकच आडनाव देत, एस्पोझितो, म्हणजे बाहेर ठेवलेला. पुढे असं आडनाव द्यायला बंदी आली, पण तोवर ते सगळीकडे पसरलं होतं. म्हणून आम्ही इतके आहोत, तो म्हणाला, आणि कुणाचं कुणाशी नातं नाही. एवढं बोलून त्याने आमटी मागितली.

मला त्याचा राग आला, खरंच आला. पन्नाशी उलटून गेली तरी जे मला तोंडातून काढता आलं नव्हतं, ते हा मुलगा भेंडीची भाजी खाता खाता सांगून मोकळा झाला होता.

मुलीने तिथल्या तिथे काकांना खरा अर्थ कळवला. ताक वाढेपर्यंत भाऊजींचा फोन आला, तिला नव्हे, मला. मी हात खरकटा म्हणून स्पीकर लावला. त्यांनी तोडगा काढून ठेवला होता: उत्पत्ती आणि अर्थ गाळायचा, प्रसार तेवढा ठेवायचा. पुण्यात नातेवाइकांसाठी ठरलेल्या रिसेप्शनला जावयाने हा विषय काढू नये, हे मी त्याला समजवायचं.

“आपल्या घराण्यात असली नोंद आजवर झालेली नाही,” भाऊजी म्हणाले.

“झाली आहे, भाऊजी. माझं पान उघडा,” मी म्हटलं, आणि वडिलांचं सगळं सांगून टाकलं. आश्रमाचं दार, अधीक्षकांचं आडनाव, गुरुजींना सांगितलेलं काश्यप. “आता दोन्ही नोंदी खऱ्या छापा,” असंही म्हटलं. मग भाऊजी “बघतो” म्हणाले आणि फोन ठेवला.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. आजोबांबद्दल तिला मी काय काय सांगितलं होतं, ते तिला एकेक आठवत असणार. मग तिने नवऱ्याला जपानीत समजावलं. त्याने मला माझ्या वडिलांचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याने ते चुकीचं उच्चारलं आणि पुढे ‘सान’ लावलं. मला रडू आलं, ते मी ठेच्यावर ढकललं.

महिन्याभराने छपाईआधीची पीडीएफ कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. जावयाच्या नोंदीत होतं, ‘इटलीतील अतिशय लोकप्रिय आडनाव’. माझ्या नोंदीत कोकण जिथल्या तिथे होतं. खाली भाऊजींची सूचना होती की दुरुस्त्या असल्यास दोन दिवसांत कळवाव्यात.

मी कळवल्या. ग्रुपवरच. लिहिलं, माझे वडील आश्रमाच्या दारात ठेवलेलं मूल होते, गोत्र आणि मूळ गाव माहीत नाही. जावयांच्या आडनावाचा अर्थही तोच आहे, कृपया तसं छापावं. सगळ्यांनी ते वाचलं. एरवी कुणाच्या नातवाला दात आला तरी अभिनंदनांची रांग लावणाऱ्या ग्रुपवर दिवसभर कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी माझ्या जाऊबाईंचा, म्हणजे भाऊजींच्या बायकोचा मेसेज आला. त्या ग्रुपवर सकाळच्या फुलांशिवाय कधी काही पाठवत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, “माझ्या माहेरची नोंदही दुरुस्त करावी. माझी आई अशीच आश्रमात वाढली. ह्यांना लग्नाआधीपासून माहीत आहे.”