टिक वाजली की विमान पडायचं

घरी बसून टीव्हीवर विमान चालवायचं मशीन मी ऐंशीच्या पुढच्या सालात नागपुरात पाहिलं. त्या मशीनले करंट कसा द्यायचा हे माह्या बायकोनं शोधलं, आन् नाव माहं झालं. ते नाव तिले परत द्यायले मी चार महिने लावले. ती जाऊन आता दीड वर्ष झालं. मी चौथी शिकलेला माणूस, जमेल तसं लिहून राहिलो.

आधी माहं काम सांगतो. मी कापडाच्या मिलमधे लूमवर होतो. त्या खडखडाटानं कान गेले. पुरे नाही, पण बारीक आवाज गेला. मिल सोडली आन् पाचपावलीत घराच्या पडवीत स्टॅबिलायझर बनवू लागलो. तवा संध्याकाळ झाली की व्होल्टेज इतका पडे का टीव्हीचं चित्र आकसून जाई, फ्रिज गुरगुर करून बंद पडे. स्टॅबिलायझर म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आन् एक रिले, म्हणजे आपोआप बदलणारा खटका. व्होल्टेज पडला की रिले टिक करून एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जाते, आन् फ्रिजले पाहिजे तेवढा करंट भेटते.

तार आम्ही दोघं नवरा-बायको गुंडाळायचो. मी हँडल फिरवायचो, ती फेरे मोजायची, दर शंभराले एक चिंचोका ताटलीत टाकायची. पेटी तयार झाली की मी व्होल्टेज वर-खाली करायचो, ती कान लावून बसायची आन् टिक वाजली की बोट वर करायची. मले ती टिक ऐकूच येत नव्हती. गिऱ्हाइकाले हे कधी सांगितलं नाही. बहिऱ्यानं तपासलेली पेटी कोण घेईल?

धरमपेठेत एक रिटायर साहेब राहत. सारी नोकरी विमानतळावर, पण जमिनीवरच. हवा किती, ढग किती, हे कागदावर लिहायचं. विमान कधी चालवलं नाही. त्यायच्या मेव्हण्यानं विलायतेतून एक काळी डबी आणून दिली, पुस्तकाएवढी, वर रबराची बटनं; साहेब तिले कॉम्प्युटर म्हणत. तिले टीव्ही जोडायचा, टेपरेकॉर्डर जोडायचा आन् कॅसेट लावायची. पाच-सहा मिनिटं कॅसेट चिरचिर करते, पडद्याच्या कडेनं पट्ट्या धावतात, मग खाली चार-सहा घड्याळं दिसतात आन् वर एक आडवी रेघ. ती रेघ म्हणजे जमीन. ना झाड, ना घर. साहेब म्हणाले, हेच विमान. मी म्हटलं, असन.

त्रास असा होता की विमान उतरायच्या आधीच पडदा कोरा व्हायचा. डबी सारं विसरायची. परत कॅसेट, परत चिरचिर. म्हणून साहेबानं माहा स्टॅबिलायझर घेतला. तरी तेच. मी तीनदा मीटर घेऊन गेलो. मीटर बरोबर दाखवे. मी तोंडावर सांगून टाकलं, साहेब, माही पेटी चांगली आहे, तुमचं विमान खराब आहे. साहेब चिडले नाही. म्हणाले, "मला एकदाच धावपट्टीवर उतरायचं आहे हो. एकदा उतरलो की देऊन टाकीन कोणाला तरी."

चौथ्या खेपेले तिले संग नेलं. साहेब उडत होते, मी मीटर पाहत होतो, ती पेटीजवळ उभी होती. तिचं बोट वर झालं आन् त्याच घडीले पडदा कोरा झाला. परत कॅसेट लावली. परत बोट वर, परत पडदा कोरा. तिनं वाकून डबीच्या एका बटनाले हात लावला तर साहेब म्हणाले, बाई, हात नका लावू, बिघडेल. वाईट नाही बोलले, हळूच बोलले. पण बोलले.

रस्त्यानं ती म्हणाली, "टिक वाजली की त्या डबीचं डोकं रिकामं होते जी. तुमचा रिलेच तिले मारून राहिला."

मी म्हटलं, "तोच रिले फ्रिजले चालते, टीव्हीले चालते."

"फ्रिजले काही ध्यानात ठेवा लागते का?"

ती म्हणत होती ते असं. रिले एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जाते तवा मधात पापणी लवते तेवढा वेळ करंट तुटते. फ्रिजले ते समजत नाही. ही डबी तेवढ्यात मरते. दोन दिवस मी तिच्याशी भांडलो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, आपल्या विहारातला भोंगा बॅटरीवर चालते, लाइन गेली तरी गाणं थांबते का? डबीले बॅटरीच लावा ना.

तसंच केलं. ट्रकची जुनी बॅटरी घेतली. साहेबाचा छोटा टीव्ही बारा व्होल्टचाच होता, तो सरळ लागला. डबीले नऊ पाहिजे, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर एक रेग्युलेटर बसवला. त्या डबीच्या पिनेत मायनस आत आन् प्लस बाहेर, साऱ्या दुनियेच्या उलटं. तेही पिन लावायच्या आधी तिनंच पाहून सांगितलं, नाही तर मी डबी जाळली असती. टेपरेकॉर्डर सेलवर. सारं रिक्षात टाकून नेलं.

त्या दिवशी साहेब उतरले. धावपट्टीवर विमान थांबलं आन् साहेबाच्या डोळ्यात पाणी आलं. शेजारच्यायले हाका मारून बोलावलं. माह्या खांद्यावर हात ठेवून साऱ्यायले सांगितलं का डोकं असावं तर असं. मी उभा राहिलो आन् ऐकून घेतलं. ती दाराजवळ वायर गुंडाळून राहिली होती.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, साहेबाले एक बार सांगा, हे म्या सांगितलं म्हणून. मी म्हटलं, सांगतो. सांगितलं नाही. तिनं टिक ऐकली हे सांगायचं तर मी काहून नाही ऐकली हे सांगा लागते. धंद्याची भीती होती, हे खरं. पण सारंच भीतीवर ढकलत नाही. खांद्यावरचा तो हात मले गोड लागला होता.

चार महिन्यात साहेबाच्या तोंडून गोष्ट पसरली. अशी डबी असलेली आणखी दोन घरं निघाली. त्यातल्या एका डॉक्टरानं विचारलं, ही आयडिया कुठून आली? साहेबानंच साऱ्यायले माहं नाव सांगितलं होतं, पण त्या दिवशी मले 'माही' म्हणवेना. 'बायकोची'ही म्हणवेना. मी म्हटलं, माहा एक पार्टनर आहे. ती माह्यापासून दोन हात दूर बॅटरीची वायर धरून उभी होती, चहा मले एकट्यालेच आला. घरी येऊन दारात चपला काढताना म्हणाली, "तुमच्या पार्टनरनं आज चहा नाही घेतला जी."

दुसऱ्या दिवशी नवीन पेटी तपासायले बसलो. मी व्होल्टेज खाली आणला. तिचं बोट वर होईना. टिक नाही वाजली का, म्हटलं. म्हणाली, पार्टनरले विचारा. फेरे मोजायची, चिंचोके टाकायची, पण कान लावायची नाही. तीन पेट्या तशाच पडून राहिल्या. चौथ्या दिवशी मी तिले सायकलवर बसवलं आन् धरमपेठेत नेलं.

साहेब उडतच होते. मी उभ्याउभ्या सांगितलं. मले बारीक ऐकू येत नाही, टिक हिनं ऐकली, बॅटरी हिनं सांगितली. साहेबानं ऐकलं आन् हसले. म्हणाले, "बायकोचं इतकं कौतुक करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतो." त्यायले ते लाडाचं बोलणं वाटलं. मी परत सांगितलं तर आणखी हसले.

मग ती पुढं झाली. काही न विचारता डबीची पिन बॅटरीवरून काढली. साहेबाचं विमान हवेत होतं, ते गेलं. साहेब अरे अरे करत उठले. तिनं डबी स्टॅबिलायझरवर लावली आन् म्हणाली, साहेब, कॅसेट लावा. आवाजात असं काही होतं का साहेबानं लावली. सहा मिनिटं कॅसेट चिरचिरली, तवर साहेबाची बायकोही आतून येऊन उभी राहिली. विमान उडालं. ती साहेबाच्या बायकोले म्हणाली, "बाई, पाण्याची मोटर चालू करा." आन् साहेबाले म्हणाली, "तुमी डोळे लावा आन् पेटीकडे कान द्या."

मोटर सुरू झाली, लाइट मंद झाला. मले अर्थात काही ऐकू आलं नाही. साहेबानं डोळे उघडले तर पडदा कोरा.

साहेब म्हणाले, टिक वाजली खरी. मग खुर्चीवरून उठले आन् तिले म्हणाले, बसा. तिनं आधी पिन बॅटरीवर लावली, मग बसली. साहेब मागं उभे राहून बटनं सांगत होते. विमान धावपट्टी सोडून भलतीकडे आपटलं. साहेब म्हणाले, होतं असं, परत लावू.

येताना मी विचारलं, आता झालं ना समाधान? ती मागून म्हणाली, "तुमी सांगितलं ते त्याले पटलं कुठं? मलेच दाखवा लागलं. साहेब उतरले त्याच दिवशी सांगितलं असतं तर पटलं असतं." मी पायडल मारत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिनं बोट वर केलं, तीन पेट्या बाहेर गेल्या.

ती गेल्यावर भेटायले येणाऱ्यायले मी हे सारं सांगतो. टिक, पिन, बॅटरी, सारं तिचं. लोकं मान हलवतात आन् म्हणतात, दुःख आहे बाबाले, चांगली होती बिचारी. मी म्हणतो, चांगली होती म्हणून नाही सांगून राहिलो, डोकं तिचं होतं म्हणून सांगून राहिलो. ते पाठीवर हात फिरवतात. पिन काढून दाखवायले आता ती नाही, म्हणून कागदावर लिहिलं.