कुठून सर आणि शलगमाचे कंदील

समोर आलेली कोणतीही गोष्ट सरांना लगेच पटत नसे. ती कुठून आली हे आधी कळायला हवं असे. नववी-दहावीला त्यांनी आम्हांला इतिहास शिकवला. वर्गात ते हातात काहीतरी घेऊनच यायचे, कधी कुलूप, कधी बांगडी, कधी नुसतं मीठ, आणि विचारायचे, "हे कुठून आलं?" म्हणून त्यांचं नाव 'कुठून सर'. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा कोणीतरी फळ्यावर लिहून ठेवलं, 'कुठून सर कुठून आले?' सरांनी ते पुसलं नाही. खाली खडूने उत्तर लिहिलं, 'यावल तालुक्यातून, पोटासाठी', आणि धडा सुरू केला.

बुऱ्हाणपूरच्या बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे दोन तास गेलेच. चौकातल्या मावा जिलेबीवाल्याला त्यांनी विचारलं होतं, ही जिलेबी मुळात कुठून आली. तो घामाने भिजलेला, समोर गिऱ्हाइकांची रांग. मान वर न करता म्हणाला, "कढईतून, मास्टरजी." सर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ हसले आणि पावकिलो जिलेबी जास्त घेतली.

पण त्यांची खरी सवय दुसरी होती, आणि ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. ते 'माहीत नाही' असं सहज म्हणायचे. आमच्या शहरात मास्तर लोक हे शब्द उच्चारत नसत. सर ते फळ्यावर लिहायचे. एखाद्या गोष्टीबद्दल सांगून झालं की एका कोपऱ्यात 'इथवर माहीत आहे' आणि त्याखाली रेघ ओढून 'इथून पुढे माहीत नाही'. परीक्षेत कोणी तसं लिहिलं तर अर्धा गुण द्यायचे.

ते निवृत्त झाले तेव्हा मी शहराच्या कडेच्या एका इंग्रजी शाळेत ग्रंथपाल होते. दर बुधवारी ते सिंधीपुऱ्यातल्या आपल्या खोलीतून लुनावर यायचे आणि माझ्या टेबलासमोर वाचत बसायचे. लग्न केलं नव्हतं. अकोल्याला एक पुतण्या होता, तेवढंच त्यांचं माणूस. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पट्ट्या कापून आणायचे आणि पुस्तकात खुणेसाठी ठेवायचे. पट्टीवर प्रश्न लिहिलेला असे. त्यातल्या पुष्कळ पट्ट्या मी काढल्या नाहीत. मुलांना अजून सापडतात.

माझा मोठा मुलगा चेतन तीन वर्षांपूर्वी श्रावणात तापाने गेला. नऊ वर्षांचा होता. भेटायला येणारे सगळे विचारायचे, कोणत्या दवाखान्यात नेलं, केव्हा नेलं, आधी का नाही नेलं. सर रोज यायचे, ओसरीवर बसायचे, माझ्या चार वर्षांच्या मुलीला कागदाची होडी करून द्यायचे आणि उठून जायचे. जन्मभर प्रश्न विचारलेल्या माणसाने त्या दिवसांत एकही प्रश्न विचारला नाही.

मग पितृपक्ष आला. सासऱ्यांच्या तिथीला पान वाढलं, कावळ्याला घास ठेवला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, लहान लेकराचं करत नाहीत. तेव्हापासून एक भीती मनात बसली. वर्षाच्या एवढ्या दिवसांत चेतनचं नाव मोठ्याने घ्यायचा एकही दिवस आमच्या घरात असणार नाही. सगळे त्याला जपून विसरतील, मला त्रास नको म्हणून.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी शाळेत हॅलोविन करायचं ठरलं. नव्या शिक्षिकांनी काळी पन्नी, प्लास्टिकची हाडं, मुखवटे मागवले. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भडका उडाला. मुख्याध्यापिका घाबरल्या आणि त्यांनी सरांना गळ घातली की तुम्ही पालकांना समजवा, तुमचं ऐकतील. सर म्हणाले, समजवणार नाही, सांगेन. मी रजा टाकायच्या विचारात होते. सर म्हणाले, "रजा टाक. पण आधी मला पुस्तकं काढून दे." पुस्तकं काढता काढता रजा राहून गेली.

आदल्या दिवशी जवळच्या निंबोला गावच्या एका पालकाने सात लाल भोपळे पाठवले. ते ग्रंथालयातच आणून ठेवले, कारण मोठं टेबल तिथेच होतं. एका तरुण शिक्षिकेने सुरी उचलली तशी आमच्या आयाबाईंनी, कमलबाईंनी, तिचा हात धरला. अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नसते. भोपळा म्हणजे घरचा मोठा मुलगा. आधी पुरुषाने चिरायचा, मग बाईने फोडी करायच्या. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, त्या शिक्षिकेलाही माहीत होतं, गडबडीत विसरली होती. कमलबाई बोलून गेल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं.

सर कोपऱ्यात वाचत होते. त्यांनी चष्मा काढला आणि जणू नुसतं कुतूहल म्हणून कमलबाईंना विचारलं, हे तुम्हांला कोणी सांगितलं. सासूनं, त्या म्हणाल्या. आणि सासूला? "तिच्या सासूनं. आता त्या दोघी वर गेल्या, सर. तिकडे गेलात की विचारून घ्या."

"लवकरच विचारतो," सर म्हणाले, आणि सगळ्याजणी हसल्या. मग ते म्हणाले की भोपळे राहू द्या, तसाही पहिल्या कंदिलात भोपळा नव्हताच. आयर्लंड-स्कॉटलंडकडचे लोक शलगम पोखरून त्यात दिवा किंवा निखारा ठेवत. ते लोक पुढे अमेरिकेत गेले, तिथे त्यांना भोपळा मिळाला, मोठा आणि पोखरायला सोपा, तेव्हापासून भोपळा. आपण जुनी रीत करू. असं म्हणून ते लुना घेऊन मंडईत गेले आणि पिशवीभर शलगम घेऊन आले. त्या दिवसांत शलगम नुकतेच येऊ लागलेले, मुठीएवढे आणि दगडासारखे. चमचे वाकले. ग्रंथालयात दोन दिवस उग्र वास राहिला. भोपळे शाळेच्या बसचे ड्रायव्हर आपसांत वाटून घरी घेऊन गेले.

एक शलगम सरांनी माझ्या हातात दिला. मी तो दुपारभर पोखरला. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि कोणी मुद्दाम नजरही चुकवली नाही. एका माणसाने कोणाची रीत न मोडता, कोणाला शहाणपण न शिकवता, फक्त थोडा जास्त इतिहास माहीत असल्यामुळे मला त्या टेबलापाशी बसायला जागा करून दिली. हे ऋण मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत निंबोल्याचे एक शेतकरी पालक उभे राहिले. म्हणाले, आम्ही पोरांना शिकायला पाठवतो, भुतं बनवायला नाही. सरांनी त्यांना विचारलं, "भाऊ, सर्वपित्रीला कावळ्याला घास ठेवता?"

"ठेवतो."

"कोणासाठी?"

"बापासाठी."

"ज्यांचा हा सण, त्यांनीही बापासाठीच ठेवला होता."

"मग ही काळी पन्नी अन् हाडं कशापायी?"

"ते दुकानदाराला विचारा," सर म्हणाले. सभागृह हसलं. ते भाऊही हसले आणि खाली बसले.

मग सरांनी सांगितलं. दोनएक हजार वर्षांपूर्वी त्या थंड मुलखात वर्षाचे दोनच भाग धरत, उजेडाचा आणि अंधाराचा. पीक घरात आलं, डोंगरावरची गुरं खाली आणली, की उजेडाचा भाग संपे. त्या संधीला ते साउइन म्हणत. त्या रात्री जिवंत आणि मेलेल्यांमधला पडदा विरळ होतो असं ते मानत. टेकड्यांवर मोठी होळी पेटवत. जे बरे, ते आपल्या घरी येतात म्हणून अन्न ठेवत, आणि जे वाईट, त्यांनी ओळखू नये म्हणून मुखवटे लावत. मग सर थांबले आणि त्यांनी फळ्यावर रेघ ओढली. त्या लोकांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही, म्हणाले. हे सगळं पुढच्या लोकांनी लिहिलं, तेव्हा यातलं किती खरं, माहीत नाही.

मग ते लिहून ठेवलेल्या इतिहासाकडे वळले. नंतर ख्रिस्ती धर्म आला. त्याने नोव्हेंबरची पहिली तारीख सगळ्या संतांची ठरवली आणि दुसरी सगळ्या मृतांची. आदल्या संध्याकाळचं नाव ते हॅलोविन. त्या दिवसांत गोरगरीब दारोदार जात, घरच्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात त्यांना एक छोटा गोड पाव मिळे. आज पोरं चॉकलेट मागतात त्याचं मूळ बहुधा तिथे आहे. आणि ती प्रार्थना फक्त आपल्या माणसांसाठी नसे, सर म्हणाले. ज्यांच्या नावाने कोणी काही करत नाही, त्यांनाही ती पोचावी असा तो दिवस होता.

सभेनंतर ती तरुण शिक्षिका उत्साहाने म्हणाली, म्हणजे सर, सब सेम ही है. सर म्हणाले, "सारखं नको म्हणूस, बेटा. शेजारी आहे म्हण."

सभागृह रिकामं झालं. मी खुर्च्या लावत होते. सर माझ्याजवळ आले आणि त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला प्रश्न विचारला. "चेतनचा घास कोण ठेवतं?"

मी म्हणाले, आमच्यात लहान मुलाचं करत नाहीत.

"हे कोणी सांगितलं?"

"सासूबाईंनी."

"त्यांना विचारलंस, त्यांना कोणी सांगितलं?" मी नाही म्हणाले. "भांडू नकोस," ते म्हणाले. "नुसतं विचार."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत होत्या. मी सुपाच्या पलीकडे बसले आणि विचारलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मले माझ्या सासूनं सांगितलं," त्या म्हणाल्या. "माझी सुमन गेली तवा. तुझ्या नवऱ्याच्या आधीची. दीड वर्साची होती. अखजीला मी इचारलं, तिची घागर भरू का. सासू म्हने, लहान लेकराचं करत नाहीत. मंग मी बी तेच तुले सांगितलं."

आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. सुमन हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या नवऱ्यालाही ते माहीत नव्हतं.

"आणि त्यांना कोणी सांगितलं असेल?" मी विचारलं.

"कोन जाने, माय. तिचं बी एखादं गेलं असंल." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "अखजी येऊ दे."

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या तापीकाठच्या घरांत तो पितरांचा दिवस. कुंभाराकडून नवी घागर आणायची, पाण्याने भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, पुरणपोळी आणि आमरसाचं पान वाढायचं आणि गेलेल्याचं नाव घेऊन घास निखाऱ्यावर टाकायचा. पुढच्या अखजीला सासूबाईंनी सासऱ्यांच्या घागरीशेजारी दोन लहान घागरी मांडल्या. चेतनचं नाव मी घेतलं. सुमनचं त्यांनी घेतलं, आणि मग पुन्हा एकदा घेतलं, जरा मोठ्याने. माझी मुलगी म्हणाली, ही कोण? सासूबाई म्हणाल्या, "तुझी आत्या."

सर त्या दिवशी जेवायला होते. जेवण झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे मी पुस्तकात शोधत बसलो असतो." सासूबाईंनी त्यांना आग्रहाने आणखी एक वाटी रस वाढला. दोघं माझ्या समोर बसून सुमनच्या बाळपणाबद्दल बोलत होते. ती कशी रांगायची, कोणत्या अंगणात. दीड वर्षाच्या आयुष्यात सांगण्यासारखं इतकं असतं हे मला त्या दुपारी कळलं.

या वर्षी माघात सर गेले. झोपेतच. पुतण्या अकोल्याहून आला, सगळं नीट केलं, पुस्तकं आमच्या ग्रंथालयाला दिली आणि परत गेला. त्याच्याशी चार वाक्यांपलीकडे बोलणं झालं नव्हतं.

अखजीच्या सकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, काका तुमच्या घरच्या घागरींबद्दल सांगायचे. घागर आणली आहे, पण आमच्याकडे कोणाला फारसं माहीत नाही. मी त्याला सांगितलं, खरबूज कसं ठेवायचं, पानात काय वाढायचं, सरांना रसात तूप आवडत नसे. तो ऐकत होता. मग जरा अडखळत म्हणाला, "ताई, मी त्यांचा मुलगा नाही. पुतण्याने भरलेली चालते का?"

"चालते," मी म्हणाले.

"तुम्हांला कोणी सांगितलं?"

"मी सांगते आहे," मी म्हणाले. "नाव मोठ्याने घ्या."

त्याने फोन बाजूला ठेवला असावा. घागरीत पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. मग त्याने काकांचं पूर्ण नाव घेतलं. आम्हां विद्यार्थ्यांच्या तोंडी ते नाव कधीच नव्हतं. पाण्याचा आवाज चालूच होता. ती भरेपर्यंत मी फोन ठेवला नाही.