पाळण्यात न मावणारं नाव

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. इथं ग्रुपवर लोक आपापले गूढ अनुभव लिहितात, त्याखाली "मांजर असेल", "खिडकी उघडी राहिली असेल" असं खवचटपणे लिहिणारी जी बाई आहे ना, ती मीच. बारामतीत तीस वर्षं हायस्कूलला शिकवलं, बोर्डाच्या परीक्षेत बाकाखालच्या चिठ्ठ्या पकडल्या... संशय घेणं अंगात मुरलंय. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंनुसं होतंय. पण चार महिने झाले, आता पोटात ठेववत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, रेडिओवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात दर आठवड्याला पंधरा मिनिटांची एक विनोदी श्रुतिका करायचे. नाव 'बांधावरचं भांडण'. दोन शेजारी शेतकरी, मध्ये एक बांध, आणि त्यावरून कचाकचा भांडण! एक शेतकरी नाना, दुसरे इंदापूरकडचे मारुतीतात्या. तात्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. अक्षरओळख शून्य, पण तोंड उघडलं की समोरच्याची हसून मुरकुंडी वळायची म्हणे. आता ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी लिहायचं कशाला? म्हणून नाना फक्त स्वतःची वाक्यं लिहायचे. तात्यांच्या वाक्याच्या जागी नुसती एक आडवी रेघ. रेघ आली की तात्या मनाला येईल ते बोलणार.

टेपा पुढं पुसून त्यांवर दुसरंच काहीतरी भरलं गेलं. एकही भाग शिल्लक नाही. नाना गेल्यावर त्यांच्या पेटीत अकरा भागांचे कागद सापडले — म्हणजे अकरा अर्धी भांडणं!

रिटायर झाल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळला, की हे भाग नव्यानं करायचे आणि इंटरनेटवर टाकायचे. नानांची वाक्यं वाचायला आमचे हे तयार झाले. भांडणाचा सराव त्यांना घरीच भरपूर आहे. आणि तात्यांसाठी मिळाला बाळू. जळोचीत आमच्या दोन घरं पलीकडं राहतो, माळेगावच्या कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो. गणपतीत नकला करून गल्ली डोक्यावर घेतो. रेघ आली की गडी सुटायचाच, आणि दर वेळी नवीन बोलायचा.

तरी तात्यांच्या घरच्यांना विचारायला हवं होतं. शोधत शोधत इंदापूरच्या पुढं एका वस्तीवर गेले. तात्यांची एकुलती एक मुलगी, हिराक्का, तिथं राहतात. पंचावन्न-छप्पन वय, अंगानं किडकिडीत, नजर अशी की आपणच काहीतरी चोरलंय असं वाटावं.

"आमच्या आबाचं बोलणं तुमच्या वडलांनी लिवून का ठिवलं न्हाय?" हा पहिला प्रश्न. चहाच्या आधी!

मग त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. हिराक्का जन्मल्या तेव्हा तात्या घरी म्हणाले होते, "पोरीचं नाव मी रेडिओवरनं सांगीन. त्या दिवशी पाळणा बांधा आन् रेडिओ लावा." काय नाव ते बायकोलासुद्धा सांगितलं नाही. पुण्याला जाऊन रेकॉर्डिंग केलं. परत येताना दौंडच्या स्टेशनवर छातीत कळ आली... आणि तिथंच गेले. आठ दिवसांनी भाग लागला, तेव्हा घर सुतकात. रेडिओ कोण लावणार? पाळणा झालाच नाही. शाळेत घालताना मास्तरांनी नाव विचारलं, चुलत्यानं तोंडाला आलं ते सांगितलं — हिरा.

"तुमच्या वडलांनी ऐकलं आसंल की नाव," हिराक्का म्हणाल्या. "बोलताना शेजारीच व्हते ना त्ये?"

खरं होतं. ऐकलंच असणार. मग नानांनी येऊन सांगितलं का नाही? ऐन बाळंतपणात आपण गड्याला पुण्याला नेलं, ही बोच असेल. तोंड दाखवायची लाज वाटली असेल. पण म्हणून एका लेकरानं जन्मभर बिननावाचं राहायचं? मी त्या दिवशी माझ्या मेलेल्या बापावर मनापासून चिडले.

तो शेवटच्या भागाचा कागद माझ्या पिशवीतच होता. मी नानांची वाक्यं वाचून दाखवली. "बारसं कधी हाय?" — रेघ. "मग नाव काय ठिवणार?" — रेघ. "अबब! एवढं लांब नाव? पाळण्यात मावंल का?" — रेघ.

हिराक्कांनी कागदावरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "लांब हाय व्हय. म्हंजी हिरा न्हाय."

परवानगी दिली, पण एका अटीवर. नावाच्या जागी काहीही ठोकून द्यायचं नाही. तिथं गप्प राहायचं. आणि त्या भागाच्या वेळी त्या स्वतः हजर राहणार. त्यांचा आमच्यावर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यात मला काही गैरही वाटलं नाही.

रेकॉर्डिंग आमच्या घरी, जळोचीत, भर दुपारी दोनला. पंखा बंद, खिडक्यांना गाद्या लावलेल्या, सगळे घामानं निथळतोय. खोलीत आम्ही चौघंच. मी, आमचे हे, बाळू आणि कोपऱ्यात खुर्चीवर हिराक्का. बाळूला तीन-तीनदा बजावलं होतं, त्या रेघेला तीन सेकंद गप.

हे म्हणाले, "मग नाव काय ठिवणार?"

आणि बाळू बोलला, "मृणालिनी."

एकदम स्वच्छ. शांत. हाच बाळू दिवसभर 'हाय' आणि 'न्हाय' करतो! ह्यांनी सवयीनं पुढचं वाक्य वाचून टाकलं, "अबब! एवढं लांब नाव? पाळण्यात मावंल का?" आणि बाळू म्हणाला, "मावंल की. पाय जरा दुमडून घ्यायचं!"

आमचे हे फस्सकन हसले. मी मात्र हिराक्कांकडं बघत होते. त्या ताडकन उठल्या.

"माझी चेष्टा लावलीया का? एवढं सांगितलं तरी?" डोळे भरलेले. "त्ये नाव काढून टाका. न्हाय तर ह्यो भाग लावू नका." चप्पल घालून सरळ बाहेर.

मी बाळूला फैलावर घेतलं. तो उलट माझ्याकडंच संशयानं बघतोय! "मॅडम, कागदावर व्हतं की. तुमीच लिवलं आसंल म्हणून वाचलं मी."

त्याच्या हातातला कागद मी हिसकावून घेतला. झेरॉक्स मीच काढलेली. त्या जागी नुसती रेघ. उजेडात धरून पाहिला, पाठपोट पाहिला, त्याचे खिसे तपासले. हो, तपासले! दुसरा कागद नाही. "परत म्हण बघू ते नाव," मी म्हटलं. "मुरना... मुरली..." त्याला धड उच्चार जमेना. नाटक करतोय असं मला वाटलं. तसं मी तोंडावर म्हटलंही, आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

नाव मी स्वतः कापलं. तिथं तीन सेकंद शांतता ठेवली. हिराक्कांना फोनवर ऐकवून, होकार घेऊन मगच भाग टाकला.

पाच-सहा दिवसांनी खाली एका बाईंची कमेंट आली. "आमचे सासरे विचारतात, नाव का कापलं? मूळ भागात नाव सांगितलं होतं. ते ऐकूनच त्यांनी आमच्या वन्संचं नाव ठेवलं. मृणालिनी."

पहिला विचार अर्थातच हा, की ही बाळूची करामत! कुणाला तरी हाताशी धरलंय. पत्ता मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी इंदापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेले. सासरे ब्याऐंशी वर्षांचे, कान तिखट. म्हणाले, "लेक झाली त्याच आठवड्यात लागला हुता त्यो भाग. मालकिणीला म्हणलं, ह्येच नाव ठिवायचं. पुन्हा रेडिओवर ऐकू न्हाय आले ते दोघं." मी पुरावा मागितला — लाज सोडून. सूनबाईंनी पत्र्याच्या डब्यातून वन्संचा शाळेचा दाखला काढून दिला. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, शाई विटलेली. मृणालिनी.

बाळू त्यांच्या ओळखीचा नाही. त्यांचा ऊस दुसऱ्याच कारखान्याला जातो. वन्सं लग्न होऊन नागपूरकडं गेल्या त्याला तीसेक वर्षं झाली. आता कुणी म्हणेल, बाळूनं हे नाव कुठंतरी ऐकलं असेल. ऐकलं असेलही. पण ते नेमकं त्या रेघेच्या जागीच का आलं, आणि त्याला ते कागदावर का दिसलं? मी सगळ्या बाजूंनी उलटसुलट करून पाहिलं, कुठं काही हाती लागत नाही. बाळूची माफी मागितली. अजून पुरता संशय गेला नाही, हेही कबूल करते.

हिराक्कांना फोनवर सांगणं बरं दिसेना, म्हणून तिथून तशीच वस्तीवर गेले. दाखल्याचा फोटो दाखवला, त्या सासऱ्यांचं बोलणं सांगितलं. त्या माझ्याकडं टक लावून बघत राहिल्या. खोटं पकडायला बघत होत्या, मला कळत होतं. मग नजर खाली गेली.

"माझ्या बारशासाठी आत्यानं नवी साडी घिऊन ठिवली हुती," त्या म्हणाल्या. "नाव कानात सांगायला. ती बी आता न्हाय ऱ्हायली." मग डोक्यावरचा पदर कानामागं सारला. "तुमी सांगता का?"

मी पुढं सरकले, वाकले, त्यांच्या कानाशी 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तसंच विचारलं, "त्या बाळूला कसं कळलं वो?"

"खरंच नाही माहीत, हिराक्का."

"ऱ्हाऊ द्या मग," त्या म्हणाल्या, आणि कान पुन्हा पुढं केला. "आजून येकदा सांगा."